लेकीचा निबंध कोण वाचणार?

ताई, नमस्कार.

माझी मुलगी अमेरिकेत हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने एपी इंग्लिश लिटरेचर घेतलंय, म्हणजे हायस्कूलमध्येच शिकायचा कॉलेजच्या पातळीचा साहित्याचा विषय, आणि मे महिन्यात त्याची परीक्षा आहे. गणित, फिजिक्सला तिचे बाबा आणि मी मदत करायचो, पण या विषयात आमची मती चालत नाही. मी मराठी माध्यमातली, इंग्रजी कविता समोर आली की गप्प बसते. मुलगी वाचते खूप, तरी निबंधाला दरवेळी सहापैकी तीनच मिळतात. मॅडमचा शेरा ठरलेला, 'मोअर कॉमेंटरी'. त्याचा अर्थ तिला कळत नाही आणि विचारायला ती लाजते. ओळखीतून दोन नावं आली आहेत. एक सर आहेत. ते मेपर्यंत बारा कादंबऱ्या-नाटकं शिकवतात, तयार नोट्स देतात आणि परीक्षेच्या निकालात पाचपैकी पाच मिळतीलच असं सांगतात. दुसरी कॉलेजात साहित्य शिकणारी एक मुलगी आहे, तिने तीन वर्षांपूर्वी हीच परीक्षा दिली होती. घरात सगळ्यांचा कल सरांकडे आहे. ट्यूटर ठरवताना नेमकं बघायचं तरी काय? आणि कॉलेजच्या दृष्टीने हे किती मनावर घ्यायचं?

– एका मुलीची आई

नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, म्हणजे जीव थोडा भांड्यात पडेल. तुमची मुलगी शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या कॉलेज प्रवेशाचे निर्णय बहुतेक मार्चअखेरपर्यंत येतील. परीक्षा मे महिन्यात आणि निकाल, म्हणजे एक ते पाच यांतला एक आकडा, जुलैत. म्हणजे या परीक्षेचा आकडा प्रवेश देणाऱ्यांच्या हातात वेळेवर पोचणारच नाही. त्याचा उपयोग नंतर होतो. अनेक कॉलेजं तीन, चार किंवा पाचला क्रेडिट देतात, म्हणजे ते पदवीच्या अभ्यासात धरतात, किंवा पहिल्या वर्षाचा एखादा इंग्रजीचा वर्ग माफ करतात. कुठे तीन पुरतात, कुठे पाचच लागतात. ज्या कॉलेजांत तिने अर्ज केलेत त्यांचे नियम त्यांच्याच वेबसाइटवर असतात, एका संध्याकाळी दोघी बसून बघून घ्या. एखाद्या कॉलेजात काहीच मिळत नसेल, तर तेही आत्ताच कळलेलं बरं. त्यानंतर ट्यूटरवर किती पैसे आणि किती रविवार घालवायचे हे तुम्हाला जास्त शांतपणे ठरवता येईल.

आता सहापैकी तीनकडे येऊ, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात कामाची माहिती तीच आहे आणि घरातल्या चर्चेत नेमकी तीच बाजूला पडलेली दिसते.

या परीक्षेतला निबंध सहा गुणांचा असतो आणि त्या सहाचे तीन भाग असतात. एक गुण थिसिसला, म्हणजे प्रश्नाला उत्तर देणारं, पाठराखण करता येईल असं स्वतःचं विधान केलंय का याला. चार गुण पुरावा आणि त्यावरचं भाष्य याला. उरलेला एक गुण सोफिस्टिकेशनला, म्हणजे विचाराला जास्तीची खोली किंवा गुंतागुंत आहे का याला. हा शेवटचा गुण मोजक्यांच्या वाट्याला येतो, त्याच्या मागे लागू नये. ज्या मुलीला नेमाने तीन मिळतात तिचा हिशोब बहुधा असा असतो: थिसिसचा एक, मधल्या भागातले दोन, शेवटचं शून्य. म्हणजे तिला कविता समजते, मत मांडता येतं, ओळीही योग्य त्याच सापडतात. मधल्या भागातले आणखी दोन गुण तेवढे हातात यायचेत. मॅडम 'मोअर कॉमेंटरी' लिहितात ते याचसाठी. तिच्या मागच्या निबंधांवर तिन्ही भागांचे गुण वेगवेगळे लिहिलेले असतील तर एकदा ताडून बघा.

कॉमेंटरी म्हणजे काय, हे मी तुम्हाला मराठीतूनच सांगते. तुम्ही मराठी माध्यमात शिकलात म्हणजे कवितेचं रसग्रहण लिहिलेलं आहे. आठवा, आपल्यापैकी बहुतेकजणी काय लिहायचो? कवितेचा सरळ अर्थ, मग 'कवीने येथे उपमा अलंकाराचा सुंदर वापर केला आहे', मग 'यातून कवीची निसर्गाविषयीची ओढ दिसते'. तिन्ही वाक्यं खरी असायची, पण ती एकमेकांना धरून नसायची. उपमेमुळे नेमकं काय घडलं आणि त्यातून ओढ कशी दिसली, हा मधला धागा आपण लिहीतच नव्हतो. तुमची लेक इंग्रजीत बहुधा हेच करतेय.

एक उदाहरण घेऊ, मनानेच रचलेलं. समजा कविता अशी आहे: आजोबांनी भिंतीवरचं घड्याळ नेहमी दहा मिनिटं पुढे ठेवलं. ते गेले. आजीने रोज रात्री किल्ली दिली, काटे दहा मिनिटं पुढेच राहू दिले. नातीने विचारलं तेव्हा आजी म्हणाली, 'त्यांना उशीर चालत नाही.' कविता इथे संपते.

एक मुलगी लिहिते: 'घड्याळ हे इथे प्रतीक आहे. त्यातून आजीचं आजोबांवरचं प्रेम दिसतं.' यात चूक काही नाही, पण दोन गुणांचं लेखन ते हेच. दुसरी लिहिते: 'सगळी कविता भूतकाळात आहे. आजीचं वाक्य तेवढं वर्तमानकाळात येतं. ती "चालत नसे" म्हणत नाही, "चालत नाही" म्हणते. तिच्या बोलण्यात आजोबा अजून घरात वावरताहेत. म्हणून पुढे धावणारं घड्याळ, जे एरवी घाईची खूण असतं, ते इथे उलट काम करतं. त्याच्या आधाराने आजी गेलेला काळ जागच्या जागी धरून ठेवते.' दुसरीने कविता जास्त वाचलेली नाही की तिला जास्त अलंकार ठाऊक नाहीत. ती एका क्रियापदापाशी थांबली आणि त्या क्रियापदापासून अर्थापर्यंतची वाट तिने पायरी न गाळता लिहून काढली. गुण देणाऱ्यांना हीच वाट हवी असते. पुरावा विधानाला कसा धरून ठेवतो हे सातत्याने दाखवलं आणि साहित्यिक घटक अर्थ कसा घडवतात हे एकाहून जास्त ठिकाणी उलगडून सांगितलं, तर चारपैकी चार मिळतात.

म्हणून तुम्हाला असा माणूस शोधायचाय जो तुमच्या मुलीचं लेखन एकेक वाक्य करत वाचेल आणि ही वाट कुठे तुटली ते तिला दाखवून देईल. कादंबऱ्या कितीही छान समजावून सांगितल्या तरी त्याने हे काम होत नाही.

याच कसोटीवर ते सर बघा. या परीक्षेला नेमलेली पुस्तकंच नाहीत. परीक्षा तीन तासांची. पहिल्या तासात पाच उताऱ्यांवरचे 55 बहुपर्यायी प्रश्न, त्यांचं वजन 45 टक्के. कविता आणि गद्याचे हे उतारे समोरच दिलेले असतात. नंतरचे दोन तास तीन निबंधांना, त्यांचं वजन 55 टक्के. पहिला निबंध दिलेल्या कवितेवर, दुसरा दिलेल्या गद्य उताऱ्यावर. तिसऱ्यातच तेवढं स्वतः वाचलेल्या एखाद्या कलाकृतीबद्दल लिहायचं असतं. तिन्ही निबंध सारख्या वजनाचे, म्हणजे आधी वाचलेलं पुस्तक लागतं ते साधारण 18 टक्क्यांसाठी. उरलेल्या 82 टक्क्यांत मुलीने ते लेखन बहुतेक पहिल्यांदाच पाहिलेलं असेल, तिथे कुठल्याच नोट्स कामाला येणार नाहीत. अशा परीक्षेसाठी बारा पुस्तकं शिकवण्यात मेपर्यंतचा सगळा वेळ जाणार असेल, तर सरांना विषयाची गोडी असेलही, पण या परीक्षेची घडण त्यांनी लक्षात घेतलेली नाही.

बरं, त्या 18 टक्क्यांनाही बारा पुस्तकं लागत नाहीत. प्रश्नासोबत चाळीसेक शीर्षकांची यादी दिलेली असते, पण ती सोयीपुरती. यादीबाहेरचं, स्वतःच्या वाचनातलं पुस्तक निवडायची मुभा असते. तीन किंवा चार कलाकृती, त्याही तिला मनापासून आवडलेल्या, नीट पुन्हा वाचलेल्या असल्या की पुरे. एक नाटक असावं, आणि कादंबऱ्या एकमेकींपेक्षा वेगळ्या असाव्यात, म्हणजे प्रश्न कुठल्याही अंगाने आला तरी एखादी चपखल बसते. तुम्ही लिहिलंय की ती वाचते खूप. मग ही शिदोरी तिच्याकडे बहुधा आहेच.

पाचपैकी पाचच्या खात्रीबद्दल स्पष्टच बोलते. हे निबंध जूनमध्ये शाळांचे शिक्षक आणि कॉलेजांचे प्राध्यापक तपासतात. बाहेरचा कोणीही माणूस त्या निकालाची हमी देऊ शकत नाही. जो देतो तो एक तर भोळा असतो किंवा तुमच्या काळजीचा व्यापार करत असतो. दोन्ही प्रकारच्या माणसांच्या हाती मुलगी देऊ नका. तयार नोट्सची मला जास्तच भीती वाटते. पाठ केलेला परिच्छेद प्रश्नाला जुळवून बसवायला गेलं की शिवण दिसते, आणि मूल हळूहळू स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं सोडून देतं.

हे मी अनुभवाने सांगतेय. मी स्वतः कॉलेजात साहित्य शिकवलं. पहिली काही वर्षं मी वर्गात तासतासभर बोलायचे, मुलं भराभर उतरवून घ्यायची, मला वाटायचं शिकवणं छान चाललंय. मग उत्तरपत्रिका हातात आल्या आणि प्रत्येकीत मला माझीच वाक्यं भेटू लागली, तीही अर्धवट. एका मुलीला मी विचारलं, 'ही ओळ तुला कशी वाटली?' ती म्हणाली, 'मॅडम, तुम्ही अजून सांगितली नाहीत.' त्या दिवसापासून मी वर्गात आधी मुलांना लिहायला लावायचे आणि बोलायचे नंतर. तिचं ते वाक्य आजही मला टोचतं.

आता माणूस कसा पारखायचा. नुसत्या फोनवरच्या बोलण्यावर जाऊ नका, डिग्रीवर तर अजिबात नाही. साहित्यात डॉक्टरेट केलेल्या माणसाला सतरा वर्षांच्या मुलीकडून तिचा परिच्छेद दुरुस्त करून घेता येईलच असं नाही. ही कलाच वेगळी. पाच मिळवलेल्या विद्यार्थ्यालाही ती येतेच असं नाही, कारण आपल्याला सहज जमलं ते दुसऱ्याला का अडतं हे त्याने कधी पाहिलेलं नसतं. तुम्ही एवढंच करा: मुलीचा एक जुना, तीन गुणांचा निबंध घ्या, त्यावरचे मॅडमचे शेरे झाका आणि तो ट्यूटरला पाठवून सांगा की पहिल्या तासाला याच्यावर बोलायचंय. सोबत प्रश्न मुद्दाम पाठवू नका. चांगला ट्यूटर निबंध वाचायच्या आधी प्रश्न मागून घेईल. न मागताच जो शेरे मारत सुटतो, तो नुसतं इंग्रजी तपासतोय.

पहिल्या तासाला मुलगी काय सांगते ते ऐका. तास झाल्यावर तिला 'कसे वाटले?' असं विचारू नका, त्याला मुलं 'छान' म्हणून मोकळी होतात. विचारा, 'तू किती बोललीस? त्यांनी तुला काय विचारलं?' तासातला बहुतेक वेळ ट्यूटरच बोलला असेल तर पुढे जाऊ नका. एखादं वाक्य त्याने स्वतः सुधारून दिलं असेल तर जपून राहा. आणि त्याने एका ओळीवर बोट ठेवून 'हे तुला कुठल्या शब्दावरून वाटलं?' असं विचारून तो गप्प बसला असेल, मुलगी अडखळली तरी घाईने मदतीला धावला नसेल, तर त्या माणसाला सोडू नका. उत्तर ठाऊक असताना अर्धा मिनिट शांत बसणं फार थोड्या शिकवणाऱ्यांना जमतं, आणि मुलीला या विषयात नेमकी त्याच अर्ध्या मिनिटाची गरज आहे.

माणूस या परीक्षेच्या संपर्कात आहे का हे तपासायला दोन साध्या खुणा. निबंधांना पूर्वी नऊपैकी गुण मिळत, 2019-20 या शैक्षणिक वर्षापासून सहा गुणांची पद्धत आली. जो अजून नऊच्या भाषेत बोलतो त्याची माहिती जुनी आहे. दुसरी खूण, 2025 पासून ही परीक्षा ब्लूबुक नावाच्या अॅपवर संगणकावर द्यावी लागते, निबंधही टाइप करायचे. तुमच्या मुलीने आजवर सराव वहीत केला असेल तर स्क्रीनवर कविता वाचणं, तिथेच खुणा करणं आणि टाइप करत विचार करणं याची सवय लागायला वेळ जातो. चांगला ट्यूटर पहिल्या-दुसऱ्या तासातच याची चौकशी करेल. कॉलेजातल्या त्या मुलीने ही परीक्षा कागदावर दिली असली तर हा बदल तिला ठाऊक आहे का, तेही विचारून घ्या.

पैशाचं थोडक्यात सांगते. पूर्ण सीझनचं पॅकेज आगाऊ घेऊ नका. चार तास ठरवा, मग थांबून बघा. आठवड्याला एक तास पुरे, पण दोन तासांच्या मध्ये लेखन झालं पाहिजे आणि ते पुढच्या तासाच्या आधी शेऱ्यांसह परत आलं पाहिजे. तुम्ही पैसे मुख्यतः त्या शेऱ्यांसाठी देताय हे ठरवतानाच बोलून घ्या. मुलगी अजून लहान आहे, तेव्हा सगळे निरोप तुम्हालाही दिसतील अशी व्यवस्था ठेवा. तास ऑनलाइन असेल तर घरातल्या उघड्या खोलीत होऊ द्या. आणि शाळेत गुणांसाठी द्यायचं लेखन ट्यूटरच्या हाताला लागता कामा नये. त्याने सुधारलेला किंवा चॅटबॉटकडून लिहून घेतलेला निबंध मुलीच्या नावाने शाळेत गेला तर प्रकरण तिच्यावर शेकतं, शिवाय मे महिन्यात स्क्रीनसमोर ती एकटीच असते.

पण ट्यूटर ठरवायच्याही आधी करायची एक गोष्ट आहे. तुम्ही लिहिलंत की ती मॅडमना विचारायला लाजते. तिच्या वतीने तुम्ही ईमेल करू नका. ती आता काही महिन्यांत कॉलेजात जाणार, तिथे तिला स्वतःच प्राध्यापकांचं दार वाजवायचंय. तिला एक वाक्य देऊन ठेवा. 'मोअर कॉमेंटरी म्हणजे काय?' असं मोघम विचारलं की उत्तरही मोघम येतं. तिने निबंधातला एकच परिच्छेद घेऊन जावं आणि म्हणावं, 'यात मी कुठल्या वाक्यापाशी थांबले जिथे अजून पुढे जायला हवं होतं?' या प्रश्नाला शिक्षिका दोन मिनिटांत बोट ठेवून उत्तर देऊ शकतात, आणि बहुतेक शिक्षक अशा प्रश्नाने खूश होतात. एपी क्लासरूम या ऑनलाइन जागेतले सरावाचे प्रश्न त्या तिला उघडून देऊ शकतात, तेही तिने मागावेत. शाळेत रायटिंग सेंटर असेल तर तिथे पैसेही पडत नाहीत.

आणि एक फुकटचा खजिना आहे, ज्याच्याकडे पालकांचं फारसं लक्ष जात नाही. परीक्षा घेणारी कॉलेज बोर्ड ही संस्था मागच्या वर्षांचे निबंधाचे प्रश्न तिच्या एपी सेंट्रल या वेबसाइटवर ठेवते. सोबत गुण कसे द्यायचे याचे निकष, विद्यार्थ्यांनी लिहिलेले खरेखुरे निबंध, आणि त्या निबंधांना तेवढेच गुण का मिळाले याचं स्पष्टीकरणही असतं. मुलीला सांगा, एका प्रश्नाचे नमुना निबंध गुण न बघता वाच, स्वतः गुण दे, कारण एका ओळीत लिही, मग खरे गुण उघडून बघ. पहिल्यांदा चुकेल. तिसऱ्या-चौथ्या वेळेला तिला दोनचा परिच्छेद आणि चारचा परिच्छेद नजरेने ओळखू यायला लागेल. स्वतःच्या लेखनाकडे ती त्याच नजरेने बघू लागली की निम्मं काम झालं. तुम्ही निवडलेली ट्यूटर हा व्यायाम करून घेणार असेल तर फारच उत्तम.

मेपर्यंतचं वेळापत्रक मी फार आखून देत नाही, ते ट्यूटरने आणि तिने मिळून ठरवावं. इतकंच म्हणेन की सुरुवातीला घड्याळ लावू नका. पहिले पाच-सहा आठवडे एकेक परिच्छेद, पण पुन्हा पुन्हा लिहिलेला. संपूर्ण निबंध दहा वेळा लिहून दहाही वेळा तीनच मिळवण्यापेक्षा एक परिच्छेद चार वेळा लिहिणं जास्त शिकवतं. मग चाळीस मिनिटांचं घड्याळ, कारण दोन तासांत तीन निबंध म्हणजे प्रत्येकी तेवढाच वेळ हातात येतो. बहुपर्यायी प्रश्नांत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही जागा रिकामी सोडायची नाही. सरावात चुकलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर पाहून तिने पुढे पळू नये. आपण निवडलेल्या पर्यायाने आपल्याला कुठल्या शब्दाने भुलवलं ते शोधावं.

आता तुमच्याबद्दल. 'इंग्रजी कविता समोर आली की गप्प बसते' असं तुम्ही लिहिलंत ते वाचून मला वाईट वाटलं. तुम्ही गप्प बसायचं कारण नाही. आठवड्यातून एकदा, रात्री जेवणं झाल्यावर, तिला एक इंग्रजी कविता मोठ्याने वाचायला लावा आणि मग म्हणा, 'मला मराठीत सांग, काय चाललंय यात.' हे करून बघा, फार वेगळं काहीतरी घडतं. इंग्रजीत तिच्याजवळ शाळेने दिलेले शब्द आहेत: टोन, इमेजरी, जक्स्टापोझिशन. त्या शब्दांच्या आड लपता येतं. मराठीत सांगताना ते शब्द हाताशी नसतात, मग तिला खरोखर काय दिसलं तेच बोलावं लागतं. 'आई, ही बाई आनंदात आहे असं म्हणते, पण तिची वाक्यं सगळी तुटकी आहेत गं' असं ती बोलून गेली तर तो तिच्या निबंधाचा गाभा असतो. तुम्ही विचारायचं इतकंच, 'कुठल्या ओळीवरून वाटलं?' आणि मग, 'बरं, पण त्याने काय होतं?' हे दोन प्रश्न विचारायला इंग्रजी साहित्याचं शिक्षण लागत नाही. ऐकायची ओढ लागते, आणि ती तुमच्या पत्रात ओळीओळीत दिसतेय.

कधी उलटही करा. शाळेत पाठ केलेली एखादी मराठी कविता तुम्हाला आजही चालीसकट येत असेल. ती तिला म्हणून दाखवा आणि अडलेले शब्द सांगा. अभंगाचं यमक कानाला कुठे थांबवतं, ओवीचा शेवटचा तोकडा चरण कसा पायरीवर टेकल्यासारखा येतो, हे कानाने कळलेलं मूल इंग्रजी कवितेत ओळ अचानक तुटली की दचकतं. आणि असं दचकायलाच हवं, तिथून लिहायला सुरुवात होते.

तुम्ही दोघांमधली निवड विचारलीत तर माझं मत त्या कॉलेजातल्या मुलीकडे आहे, पण आंधळेपणाने नाही. तिला तो तीन गुणांचा निबंध पाठवा आणि वर सांगितलं तसा एक तास होऊ द्या. वयाने ती जवळची आहे. तुमच्या लाजऱ्या लेकीला तिच्यासमोर 'मला हे कळलं नाही' म्हणणं सोपं जाईल, आणि या विषयात ते म्हणता आलं पाहिजे. ती स्वतःच बोलत राहिली, वाक्यं लिहून देऊ लागली, तर तिलाही नम्रपणे नको म्हणा आणि शाळेतल्या मॅडमनाच एखादं नाव विचारा. सरांना तोडून बोलायची गरज नाही. त्यांनाही तोच निबंध पाठवून पाहायला माझी हरकत नाही. कदाचित ते वेगळं काही करून दाखवतील. घरच्यांची समजूत काढायलाही याचा उपयोग होईल, दोघांचे शेरे शेजारी शेजारी ठेवून त्यांनाच बघू द्या.

आणि हे सगळं ठरवायच्या आधी लेकीला विचारा की तिला ट्यूटर हवा आहे का. तुमच्या पत्रात सगळ्यांचं मत आलं, तिचं तेवढं आलं नाही.